यशवंत : एका नावाची कहाणी

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात रात्री-अपरात्री कोणाच्या छातीत कळ येते, कोणाची सून बाळंतपणात अडते, किंवा कोणाचा हात यंत्रात सापडतो. शेजारीपाजारी धावून येतात, रिक्षा बोलावली जाते, आणि घर मराठी असो की हिंदी, एकच वाक्य कानी पडते : ‘एम. वाय.ला न्या.’ ही दोन अक्षरे म्हणजे शहरातील मोठे सरकारी रुग्णालय, हे तेथील लहान मुलासही ठाऊक असते. परंतु ‘एम.’ म्हणजे महाराजा आणि ‘वाय.’ म्हणजे यशवंतराव, हे त्या घाईच्या क्षणी कोणाच्या ध्यानी येत नाही, आणि येण्याचे कारणही नाही. एका राजाचे भारदस्त नाव झिजत झिजत दोन अक्षरांपुरते उरले आणि त्या झिजलेल्या रूपात ते गरिबाच्या तोंडी बसले. नावाचा हा ऱ्हास म्हणावा की त्याचे सार्थक म्हणावे? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर ‘यशवंत’ या नावाच्या मागे थोडे दूरवर जावे लागते.

शब्दापासूनच आरंभ करू. संस्कृतात ‘यशस्’ याचा अर्थ कीर्ती, लौकिक असा आहे. मराठीत मात्र ‘यश’ म्हणजे हाती घेतलेले काम सिद्धीस जाणे. ‘परीक्षेत यश मिळाले’, ‘प्रयत्नास यश आले’ असे आपण म्हणतो, तेव्हा कीर्तीचा विचार आपल्या मनात नसतो. वस्तुतः या दोन गोष्टी भिन्न आहेत. कीर्ती ही दुसऱ्याच्या मुखात असते, सिद्धी ही आपल्या कामात असते. काम फसूनही कीर्ती मागे राहिलेली माणसे इतिहासात आढळतात, आणि काम तडीस नेऊनही जगाला अज्ञात राहिलेली माणसे तर घरोघरी आढळतात. गुणवंत, बळवंत, भाग्यवंत या शब्दांतला ‘वंत’ येथे ‘यशा’ला जोडला गेला आणि ‘यशवंत’ हे नाव तयार झाले. उत्तरेकडे ‘य’चा ‘ज’ होतो. यमुनेची जमुना होते, योग्याचा जोगी होतो, यशाचा ‘जस’ होतो. त्याच न्यायाने आपला यशवंत तिकडे ‘जसवंत’ म्हणून वावरतो. नाव एकच, उच्चार तेवढा वेगळा.

नावात आशीर्वाद साठवून ठेवावा ही हौस साऱ्या जगाची आहे. जपानात तिची एक निराळीच तऱ्हा पाहावयास मिळते. ‘अकिरा’ हे तेथील पुरुषांचे एक सर्वपरिचित नाव. कानाला ते सर्वत्र सारखेच लागते, पण लिहिताना आईबाप आपल्या इच्छेप्रमाणे अक्षर निवडतात, आणि अक्षराबरोबर अर्थही निवडतात. विख्यात चित्रपट-दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या नावाचे अक्षर सूर्य आणि चंद्र शेजारी शेजारी मांडून झालेले आहे. त्याचा अर्थ उजळ, स्वच्छ. संगीतकार अकिरा इफुकुबे यांचे अक्षर तेजस्वी या अर्थाचे. २०१० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे अकिरा सुझुकी यांचे अक्षर ग्रंथाच्या अध्यायाचे, आणि २०१९ साली त्याच शास्त्राचे पारितोषिक मिळविणारे अकिरा योशिनो यांचे अक्षर एखादी गोष्ट उजेडात आणण्याचे. ध्वनी एक आणि अर्थ चार! आपल्याकडे ही सोय नाही. ‘यशवंत’ कोणीही लिहिला तरी त्याच चार अक्षरांनी लिहिणार. त्याचा अर्थ बारशाच्या दिवशी ठरत नाही. तो पुढे त्या माणसाच्या आयुष्याने ठरतो, आणि कित्येकदा त्याच्या पश्चात लोक ठरवितात.

या नावाचा माळव्याच्या भूमीशी आलेला एक जुना आणि प्रसिद्ध संबंध पराभवाचा आहे. १६५८ च्या एप्रिल महिन्यात औरंगजेब दक्षिणेतून दिल्लीच्या तख्ताकडे निघाला होता. त्याला अडविण्यासाठी शाहजहानने जोधपूरच्या महाराजा जसवंतसिंहांना माळव्यात पाठविले. उज्जैनजवळ गंभीर नदीच्या काठी धर्मात येथे गाठ पडली. रतलामचे रतनसिंह राठोड तेथे धारातीर्थी पडले, राजपुतांची कत्तल झाली, आणि जसवंतसिंह माघार घेऊन जोधपुरास परतले. पराभूत पतीला पाहून राणीने किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले, अशी कथा सांगितली जाते. औरंगजेबाने विजयाची खूण म्हणून तेथे फतेहाबाद वसविले. त्याचे नाव आजही रेल्वेस्थानकावर वाचावयास मिळते. ‘जसवंत’ नावाच्या वीराला त्या दिवशी जस लाभला नाही, आणि गंभीर नदीच्या काठावर विजयाची पाटी दुसऱ्याचीच लागली. ही नदी श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

मराठ्यांच्या इतिहासात हे नाव ज्यांनी गाजविले ते पहिले यशवंतराव होळकर. त्यांचा जन्म १७७६ सालचा, पुणे जिल्ह्यातील वाफगावचा. ते तुकोजीराव होळकरांचे पुत्र खरे, परंतु लग्नाच्या राणीच्या पोटचे नव्हेत. त्यामुळे १७९७ साली तुकोजीराव वारले तेव्हा दौलतीवर त्यांचा हक्क कोणी सहजासहजी मानणार नव्हते. दौलतराव शिंद्यांनी थोरल्या काशीरावांची बाजू घेतली. दुसरे बंधू मल्हारराव त्याच वर्षी पुण्यात शिंद्यांच्या फौजेकडून मारले गेले. यशवंतराव रानोमाळ भटकले, त्यांनी माणसे जमविली, आणि पाहता पाहता माळव्यात आपली फौज उभी केली. १८०१ च्या एप्रिलमध्ये त्यांचे बंधू विठोजी यांना दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी पुण्यात हत्तीच्या पायी देवविले. भावाच्या त्या मरणाचा घाव यशवंतरावांच्या मनातून कधी भरून आला नाही.

त्याच वर्षीच्या जुलैत यशवंतरावांनी उज्जैन येथे शिंद्यांच्या पलटणींचा पराभव करून ते शहर लुटले. ऑक्टोबरात त्याची फेड झाली. सर्जेराव घाटगे शिंद्यांची फौज घेऊन इंदुरावर चालून आला, यशवंतरावांना हार खावी लागली, आणि इंदूर लुटले व जाळले गेले. राजधानीचा मान इंदुराला अद्याप मिळावयाचा होता. तो १८१८ मध्ये मिळाला, तेव्हा यशवंतराव हयात नव्हते. परंतु त्यांच्या वैराची किंमत या शहराने आधीच चुकती केली होती. उज्जैनच्या सावकाराने किंवा इंदूरच्या विणकराने शिंदे-होळकरांचे काय वाकडे केले होते, असा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही. इतिहासाने मात्र तो विचारावयास हवा.

पुढील वर्षी, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, दिवाळीच्या दिवशी पुण्याजवळ हडपसरच्या रानात यशवंतरावांनी पेशवे व शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा संपूर्ण पराभव केला. रणांगणावरचे ते त्यांचे सर्वांत मोठे यश. परंतु त्या यशाच्या पोटात काय दडले होते? बाजीराव पुण्याहून पळाले, ते कोकणात उतरून इंग्रजांच्या आश्रयास गेले, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबर रोजी वसईचा तह झाला. पेशव्यांनी इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. १८०३ मध्ये शिंदे व नागपूरकर भोसले इंग्रजांशी लढले, तेव्हा यशवंतराव बाजूस राहिले. १८०४ मध्ये ते स्वतः लढावयास उठले, तेव्हा बाजूस उभे राहण्यास मराठ्यांपैकी कोणी उरले नव्हते.

तरीही त्यांनी जी झुंज दिली ती विसरता येण्याजोगी नाही. कर्नल मॉन्सनच्या फौजेला त्यांनी मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्ऱ्यापर्यंत पिटाळीत नेले. ऑक्टोबरात दिल्लीला वेढा घातला. तो निष्फळ ठरला. पुढे भरतपूरच्या जाट राजाने त्यांना आसरा दिला, आणि त्या किल्ल्यावर जनरल लेकने चढविलेले चारही हल्ले १८०५ च्या आरंभी परतविले गेले. पण भरतपूरकरांनी इंग्रजांशी तह केला, पंजाबात लाहोरच्या रणजितसिंहांकडून साहाय्य मिळाले नाही, आणि डिसेंबर १८०५ मध्ये बियास नदीच्या काठी यशवंतरावांनाही तहावर सही करावी लागली. त्यानंतर भानपुऱ्यास राहून त्यांनी तोफा ओतण्याचा उद्योग आरंभिला. भट्टीपाशी स्वतः उभे राहून ते काम करवून घेत. अखेर मनावरचा ताबा सुटला, आणि ऑक्टोबर १८११ मध्ये, वयाची पस्तीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, त्यांचे देहावसान झाले. त्यांची छत्री भानपुऱ्यास आहे. कीर्तीच्या अर्थाने हे यशवंत खरे यशवंत होत. सिद्धीच्या अर्थाने पाहू गेल्यास, ज्या दिवशी ते सर्वांत मोठी लढाई जिंकले, त्याच दिवशी मराठी राज्याच्या शेवटाचे एक दार उघडले गेले.

हडपसरच्या त्याच परिसरात ९५ वर्षांनी दुसरा एक यशवंत आला. त्याच्या हाती तलवार नव्हती, औषधांची पेटी होती. महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी एका निराधार विधवेचे मूल १८७४ साली दत्तक घेतले आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. समाजाने ज्या मुलाच्या जन्मालाच नाव ठेवले, त्याला त्या दांपत्याने हे नाव दिले! पहिल्या यशवंतरावांप्रमाणे याचाही हक्क भाऊबंदांनी मानला नाही. १८९० साली जोतीराव निवर्तले तेव्हा दत्तक मुलाने अंत्यविधी करण्यास हरकत घेतली गेली, आणि सावित्रीबाईंनी स्वतः पुढे होऊन टिटवे धरले. पण हा यशवंत हक्कासाठी कोणाशी लढावयास निघाला नाही. तो डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले तेव्हा मायलेकांनी शहराबाहेर, हडपसरच्या ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना उघडला. ससाणे हे यशवंताच्या सासुरवाडीचे घराणे. ज्याला शिवण्यास सख्खे नातेवाईक भीत, त्याला तेथे थारा मिळे. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तेथे आणले. तोच रोग त्यांना जडला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

१८०२ च्या दिवाळीत हडपसरला किती माणसे पडली, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. १८९७ मध्ये तेथे किती माणसे वाचली, त्यांचीही नावे कोठे सापडत नाहीत. पण एकाच नावाच्या दोन पुरुषांनी एकाच भूमीवर काय केले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले म्हणजे ‘यश’ या शब्दाचा तराजू थोडा निराळा झुकतो.

विसाव्या शतकात हे नाव महाराष्ट्रात सर्व थरांत पसरले. देवराष्ट्रे गावी १९१३ साली यशवंतराव चव्हाण जन्मले. त्यांच्या जन्माच्या वेळी आईच्या जिवावर बेतले होते. तेव्हा आजीने सागरोबाला साकडे घातले की, माझ्या लेकीला यातून सोडव, यश दे, तुझी आठवण म्हणून बाळाचे नाव यशवंत ठेवीन. ही हकीकत त्यांनी ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात दिली आहे. येथे यश म्हणजे राज्य नव्हे, कीर्ती नव्हे. एका माउलीने बाळंतपणातून सुखरूप उठावे, एवढाच त्या आजीच्या लेखी यशाचा अर्थ होता. ते बाळ पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले, हे सर्वविदित आहे. चाफळच्या यशवंत दिनकर पेंढरकरांनी तर आडनाव बाजूला ठेवून ‘यशवंत’ एवढ्याच नावाने कविता लिहिली, आणि ‘यशोधन’, ‘यशोगंध’, ‘यशोनिधी’, ‘यशोगिरी’ अशी आपल्या संग्रहांची नावेही त्यातूनच घडविली. नाव हे मिरवावयाचे भूषण नसून रोज काही भर घालावयाची ठेव आहे, असेच जणू त्यांना सुचवावयाचे असावे.

आता पुन्हा इंदुराकडे वळू. दुसरे यशवंतराव होळकर ६ सप्टेंबर १९०८ रोजी जन्मले. पहिल्या यशवंतरावांना गादीसाठी रक्त सांडावे लागले होते. यांना ती वडील तुकोजीराव तिसरे यांनी पदत्याग केल्यामुळे १९२६ साली, वयाच्या अठराव्या वर्षाआधीच मिळाली. १९३० मध्ये त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले. ते ऑक्सफर्डला शिकलेले, नव्या युरोपीय कलेचे रसिक होते. जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस याच्याकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा बांधवून घेतला. रुमानियात जन्मलेला थोर शिल्पी ब्रांकुशी याने त्यांच्यासाठी इंदुरात ध्यानमंदिर उभारावयाचे ठरले होते. ते मंदिर कधी झालेच नाही. कर्नल सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाने गाजलेल्या त्यांच्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. विलासी, हळवा, काहीसा एकाकी असा हा राजा होता. प्रजेपासून दूर युरोप-अमेरिकेत त्याने घालविलेला काळही थोडा नव्हता. त्याच्या कारकिर्दीचे गुणगानच करावयाचे तर इतिहासाशी प्रामाणिक राहता येणार नाही.

परंतु त्याच काळात, १९३० च्या दशकात, इंदुराच्या पश्चिमेस गंभीर नदीवर एक धरण बांधले गेले आणि त्या जलाशयास ‘यशवंतसागर’ हे नाव मिळाले. ज्या नदीच्या काठी १६५८ साली जसवंतसिंहांचा पराभव झाला, तीच ही नदी. त्या वेळी तिच्या पाण्यात रक्त मिसळले. आता तेच पाणी नळावाटे शहराच्या घागरीत आले. नर्मदेचे पाणी १९७८ साली इंदुरास पोहोचेपर्यंत शहराची तहान भागविण्यात यशवंतसागराचा वाटा फार मोठा होता. पुढे २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही त्याचे नाव समाविष्ट झाले. पक्ष्यांना मात्र ती जागा त्यापूर्वीच सापडली होती!

२८ मे १९४८ रोजी मध्यभारत संघराज्य अस्तित्वात आले. त्याचे राजप्रमुख ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे आणि उपराजप्रमुख इंदूरचे यशवंतराव होळकर. १८०१ साली ज्या दोन घराण्यांनी परस्परांची शहरे जाळली, त्यांचे वंशज दीडशे वर्षांच्या आत एकाच राज्याच्या कारभारात, एका खाली एक, शपथ घेऊन बसले. शिंद्यांना पहिला मान आणि होळकरांना दुसरा, ही गोष्ट पहिल्या यशवंतरावांनी क्षणभरही सहन केली नसती. दुसऱ्यांनी ती पत्करली. यात नाइलाजाचा भाग होताच, पण लढाई न करता दौलत सोडण्यालाही काही बळ लागते. १९५६ मध्ये मध्यभारत मध्य प्रदेशात विलीन झाला, आणि ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत यशवंतरावांचे निधन झाले. माणिकबागेत पुढे केंद्रीय कर-खात्याची कचेरी थाटली. नाव राहिले ते रुग्णालयावर.

आणि ते नाव सर्वांत अधिक वेळा उच्चारणाऱ्यांत परदेशीपुऱ्यासारख्या वस्त्यांतील माणसे आहेत. मराठी बोलीत उत्तरेकडून आलेल्या माणसास ‘परदेशी’ म्हणण्याची जुनी चाल आहे. गिरण्यांच्या भोंग्यावर जागणाऱ्या आणि भोंग्यावर निजणाऱ्या या वस्तीत अनेक मुलखांची माणसे एकत्र आली. शेजारच्या दोन खोल्यांत एका घरी यशवंत आणि एका घरी जसवंत हाक मारल्यास ओ देणार, अशी ही सरमिसळ. १९०९ च्या सुमारास मालवा मिल उभी राहिली, मागून हुकुमचंद मिल आली, आणि या माणसांच्या हातांनी इंदूरचे कापड देशभर गेले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. हुकुमचंद मिलच्या सुमारे ४,८०० कामगारांना त्यांची थकलेली देणी हाती पडावयास २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. मिल बंद पडून तेव्हा तीस वर्षे उलटली होती, आणि कित्येक कामगार तोपर्यंत या जगात उरले नव्हते. ज्यांनी आयुष्यभर काम सिद्धीस नेले, त्यांच्या वाट्यास ना कीर्ती आली ना वेळेवर मोबदला. ‘यश’ शब्दाच्या दोन अर्थांमधील अंतर मोजावयाचे असेल, तर ते या वस्तीतल्या वृद्धांना विचारून पाहावे.

अशा माणसाला मध्यरात्री दुखणे आले म्हणजे तो ज्या दारी जातो, त्या दारावर ‘यशवंत’ लिहिलेले आहे. तेथे त्याला खाट मिळाली, वेळेवर औषध मिळाले, आणि तो आपल्या पायांनी घरी परतला, तर त्या दिवसापुरते ते नाव खरे झाले. तसे न घडले तर नाव कितीही मोठ्या अक्षरांत कोरलेले असले तरी ते व्यर्थ होय. देवराष्ट्र्याच्या आजीने सागरोबापाशी मागितले ते एवढेच यश होते, आणि हडपसरच्या ससाणे मळ्यात मायलेकांनी वाटले तेही एवढेच. ‘यशवंत’ नावाच्या राजांनी लढाया जिंकल्या आणि हरल्या, त्यांची नोंद ग्रंथांत आहे. लोकांनी मात्र त्या नावातून आपल्याला लागणारे तेवढेच उचलले : एक घागर पाणी, एक खाट, आणि हाकेसरशी तोंडी येणारी दोन अक्षरे.